उजवा हात तिसऱ्या वर्षाला

जूनच्या सतरा तारखेला कॉलेजच्या नोटीसबोर्डावर यादी लागली. लॅबोरेटरी सायन्सच्या पदवीला माझ्या उजव्या हाताला थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला होता, आणि मला पहिल्या.

बार्शीत डॉ. मिटकरी बाईंच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं रक्त काढतोय. डिप्लोमावर लागलो, डिप्लोमावरच राहिलो. आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ वाघोलीकर पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. त्यांची खुर्ची खिडकीजवळची, रिपोर्टवर सही त्यांची. त्या खुर्चीवर माझा डोळा होता, पण तिथं बसायला पदवी लागते, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. पदवी तीन वर्षांची. मात्र आधीच्या कामात जे शिकलात त्याचं क्रेडिट परीक्षा घेऊन देऊ, असा विद्यापीठाचा नियम होता. मी परीक्षा दिली होती.

यादी वाचून मी कार्यालयात गेलो. तिथं हिप्परगे नावाचे कारकून चहात बिस्किट बुडवत बसले होते.

"काहीतरी चूक झालीय," मी म्हणालो.

"चूक नाही, येलमकर. तोंडी परीक्षेत पन्नासपैकी अकरा. ती कुणी दिली?"

"मी."

"प्रात्यक्षिकात एकोणपन्नास. पहिल्या टोचणीत शीर सापडली. कुणाला?"

मी उजव्या हाताकडे बघितलं.

"शिवाय तुम्ही पेशंटांची त्रेचाळीस पत्रं जोडलीत. हात हलका आहे, हाताला गुण आहे, असा हात जिल्ह्यात नाही. येलमकर हे नाव एकाही पत्रात नाही. मी दोनदा वाचली."

"अहो, पण हात माझाच आहे ना?"

"मग पालकांच्या रकान्यात सही करा."

मी सही केली. म्हणजे, त्यानंच केली.

पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचे वर्ग शेजारीशेजारी होते आणि मधल्या भिंतीला एक खिडकी होती, म्हणून सोय झाली. मी खिडकीला खेटून पहिल्या वर्षाच्या बाकावर बसायचो आणि हात पलीकडे द्यायचो. इकडे सव्वीस वर्षांचे सर मला "काका, पेशी म्हणजे काय?" असं विचारायचे. तिकडे गुंजाटे मॅडम हसत-खेळत शिकवायच्या. पलीकडे हशा पिकला की मी मान वाकडी करून ऐकायचो, पण विनोद काही कळायचा नाही. ऑगस्टमध्ये एका सोमवारी हात परत आला तेव्हा मनगटावर पाच फ्रेंडशिप बँड होते. मला एकही नव्हता. खोटं कशाला बोलू, मी जळलो.

घरीही तेच. माझी बायको सुलभा संध्याकाळी खोबरेल तेल घेऊन त्याला चोळत बसायची.

"दमतो हो बिचारा. शेवटचं वर्ष म्हणजे काय चेष्टा आहे?"

"मीपण कॉलेजला जातो, सुलभा."

"तुम्ही काय, नुसते बसून असता. आणि जरा नीट बसा, त्याला अवघडल्यासारखं होतंय."

वार्षिक परीक्षेला मी पेन उचललं तेवढ्यात पर्यवेक्षक धावत आले. "हा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ना? सीनियरनं ज्युनियरचा पेपर लिहिला तर कॉपी केस होते. बाहेर ठेवा त्याला." मी उजवा हात खिडकीबाहेर ठेवला आणि डाव्यानं पेपर लिहिले. डाव्याला बावीस वर्षांत रबरी पट्टा आवळण्यापलीकडे कुणी काही शिकवलं नव्हतं. त्यानं आपल्या परीनं केलं. सहापैकी चार विषय गेले.

उजवा विशेष प्रावीण्यासह पास झाला.

वाघोलीकर निवृत्त झाल्यावर खुर्ची त्याला मिळाली. बाईंनी तिच्यावर उशी ठेवली, उशीवर तो, आणि मी शेजारी स्टुलावर. रिपोर्टवर त्याची सही जाऊ लागली. पेढे वाटले ते माझ्याच पैशानं, पण पेशंट त्याच्याकडे बघून म्हणाले, "अभिनंदन, साहेब." तेव्हापासून मीही हाताला एकेरी बोलायचं सोडलं.

मी पुन्हा हिप्परग्यांकडे गेलो. ते म्हणाले, "तुमच्यासाठी एक वाट आहे. आधीच्या कामाच्या क्रेडिटसाठी स्वतः तुम्ही अर्ज करा. हाताचं वगळून तुम्ही काय शिकलात, ते वरिष्ठांकडून लिहून आणा."

"वरिष्ठांकडून?"

"पदावर आत्ता कोण आहेत, त्यांच्याकडून."

मी फॉर्म साहेबांसमोर ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. नऊ दिवस मी रोज सकाळी फॉर्म पुढे ठेवायचो आणि ते स्लाइडचं काम आहे असं दाखवायचे. मला बावीस वर्षं आठवत होती. लहान मुलं हातपाय झाडायची तेव्हा त्यांना चिऊ-काऊची गोष्ट कोण सांगायचं? म्हाताऱ्यांना "झालं हं आजी" कोण म्हणायचं? ते सगळं तोंडानं मी केलं होतं. साहेब तेव्हा तिथंच होते, त्यांना ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी त्यांनी पेन मागितलं. अक्षर नेहमीसारखं सुंदर.

"सदर इसम बावीस वर्षे माझ्यासोबत आहे. वर्तणूक ठीक. विशेष कौशल्य : मला कामावर वेळेवर आणतो."

खाली सही, शिक्का.

हिप्परग्यांनी ते दोनदा वाचलं. "मनापासून लिहिलंय," ते म्हणाले. "यावर एक क्रेडिट बसतं. हजेरीचं. बाकीची मात्र शिकावी लागतील."

"चालेल," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला. मला भरून आलं आणि आभार मानायला मी हात जोडायला गेलो. डावा तेवढा पुढे आला. साहेब हिप्परग्यांशी हस्तांदोलन करत होते.