खोकल्याला भ्यालेले व्यंकटअण्णा

आमच्या दाजीबानपेठेत खणाचा भाव पाडायचा असेल, तर व्यंकटअण्णांच्या दुकानात जाऊन खोकायचं. गिऱ्हाईक खोकलं की अण्णा पंच्याने नाक झाकत, श्वास रोखत आणि म्हणेल त्या भावाला कापड फाडून देत. "न्या, न्या की हो! पण तिकडं तोंड करून खोका!" हा धिप्पाड विधुर गृहस्थ आमचा सख्खा शेजारी, पण खोकल्यापुढे पार शेळी. मी भिंतीपलीकडून मुद्दाम खोकत असे आणि त्यांची खिडक्या लावण्याची धडपड ऐकून हसत असे. आता लाज वाटते.

सत्त्याहत्तरच्या थंडीत आमच्या तीन वर्षांच्या सुमीला सर्दी झाली. दोन दिवसांनी दिवेलागणीला तिचा आवाज बसला आणि ती खोकली. खोकली कसली, घरात कुत्रं भुंकल्यासारखं झालं! श्वास आत घेताना घशातून शिट्टी वाजे, गळ्याखाली खळगा पडे. "घटसर्प असणार," म्हणत बायको रडू लागली. घसा बघावा म्हणून मी चमच्याने तिची जीभ दाबली. ती किंचाळली आणि श्वास आणखीच अडकला.

तेवढ्यात दारात अण्णा! मला वाटलं होतं, हे एव्हाना गाव सोडून पळाले असतील.

"अय्यो देवरे! चमचा काढा आधी! रडवू नका तिला, रडली की नळी आवळती!"

पंचा खांद्यावरच राहिला होता. त्यांनी सुमीला ताठ बसवून छातीशी धरलं. दवाखान्यात जाताना टांग्यात ती खोकली की तेही हळूच भुंकत. "आमचा मोत्या बघ, कसा उत्तर देतोय!" ती रडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

देशपांडे नगरच्या डॉक्टरांनी घशाला हातही लावला नाही.

"त्रिगुणी लस टोचलीय ना? मग घटसर्प नसावा. हा क्रूप. सर्दीच्याच विषाणूनं स्वरयंत्र सुजतं. लहानांची श्वासनळी अरुंद, म्हणून हा आवाज. तिला शांत ठेवा."

सुजेवर औषध दिलं. हळूहळू शिट्टी थांबली, ओठांना रंग आला. सुमी झोपली.

नर्स तिला खाटेवर ठेवायला आली, तर अण्णा देईनात. तिच्या पाठीवर तळवा ठेवून ते एकेक श्वास मोजत होते.

"अण्णा, बरं वाटतंय तिला. झोपली बघा," मी म्हणालो.

"आमची पमीबी अशीच झोपली हुती," ते म्हणाले. "मला वाटलं, बरं वाटलं तिला."

दहा वर्षं शेजारी राहत होतो. अण्णांना मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं. सुमीला जाग येईपर्यंत मी तिला परत मागितलं नाही.