फडावरची लस

आमच्या शेजारच्या लंका सिस्टर बाळाचं नाव विचारत नाहीत. आठवडे विचारतात. गल्लीतल्या एका बारशाला आत्यानं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "सहा पुरे झाले का?" मग पाळण्याभोवती बोटांवर हिशेब सुरू झाला. नाव राहिलं बाजूला.

सिस्टर शेवगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहेत. लग्नात नवरीची बाही सारून बीसीजीचा वण शोधतात. सापडला की वरमाईला सांगतात, "हा माझा हात हाय."

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की त्यांना चैन पडत नाही. आईबरोबर तान्हं मूलही कारखान्याकडे जातं. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. सिस्टर ट्रॅक्टर अडवून मुकादमाला विचारतात, "कोयते मोजले. पोरं मोजली का?"

गेल्या हंगामात तोडणीला निघालेल्या सुनीताची तान्ही लेक छबी तशीच गेली. तिची साडेतीन महिन्यांची लस राहिली. वरिष्ठ लसीकरणाचा तक्ता बघून म्हणाले, "बाकीच्यांची झाली ना?"

"घटसर्प काय तक्ता बघून येतो व्हय, साहेब?"

संगमनेरकडच्या उसाच्या फडावर सुनीताला फोन लागला. तिथल्या सिस्टर लस द्यायला तयार होत्या. सुनीता तयार नव्हती.

"मागच्या डोसाला लई ताप आला हुता, शिस्टर. मी कोपीत पोरीपाशी बसले की आमच्या मालकांचा कोयता बी बंद. मुकादम ऐकून घेईल का?"

"ताप मी सांभाळते. तू तोडायला जा."

"तुमी? शेवगावहून?"

"मग काय फोनवरून सांभाळू?"

सिस्टरांनी रजा टाकली. मी त्यांना मोटारसायकलवरून नेलं. वाटेत चहाला थांबू दिलं नाही. राहुरीजवळ गाडी पंक्चर झाली, तर दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, हात चालवा. पंधरावा आठवडा संपत आलाय."

सकाळी लस झाली. सुनीता फडात गेली. दुपारी छबीला ताप चढला. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी; आत सिस्टर मांडी घालून बसल्या. औषधाचे थेंब दिले, ओलं फडकं फिरवत राहिल्या. मी बाहेर होतो.

पाच वाजले. परतायला उशीर होत होता. मी आत जाऊन छबीच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"सिस्टर, ताप उतरलाय की."

"तीनलाच उतरला," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. छबीला त्यांनी जरा आणखी जवळ घेतलं. "हळू बोला. सुनीता यायला अजून तास हाय."