सात नंबरचा मासा आडवा होत नाही

कोणाची सहनशक्ती किती, हे त्यालाच विचारण्यात अर्थ नसतो. तो फुगवून तरी सांगतो, नाहीतर रडतो. मासा दोन्ही करत नाही. म्हणून तो शास्त्राचा लाडका आहे.

आमच्या प्रयोगशाळेची पद्धत अत्यंत न्याय्य आहे. काचेच्या टाकीत मासा सोडायचा, नायट्रोजनचे बुडबुडे सोडून पाण्यातला प्राणवायू हळूहळू हाकलायचा आणि मासा आडवा झाला की आकडा टिपून त्याला ताज्या पाण्यात टाकायचं. आडवा होईपर्यंत मासा सुखी समजावा, असा नियम आहे. पृष्ठभागाशी येऊन आ वासणं (उत्साह) आणि काचेवर डोकं आपटणं (कुतूहल) यांना तक्त्यात वेगळे रकाने आहेत. ते कोणी वाचत नाही, पण भरावे लागतात.

सर्वांत चिवट माशाच्या आकड्यावरून नदीत किमान किती प्राणवायू हवा ते ठरतं. पहिले सहा मासे लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या आसपास आडवे झाले. तीन म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याला सांडपाणी शुद्ध करूनच सोडावं लागणार. साहेबांचा चेहरा उतरला. सातवा मात्र दोनला सरळ, एकला सरळ, शून्यालाही सरळ!

"साहेब, तो प्राणवायू-मापकाची नळी आणि काच यांच्या मधे उभाच अडकलाय," नोंदी ठेवणाऱ्या बाई म्हणाल्या. "केव्हाच मेलाय तो."

"आडवा झालाय का?"

"नाही, पण..."

"तक्त्यात मेल्याचा रकाना आहे?"

नव्हता. बाईंनी हात घालून मासा बाहेर काढला, तसा तो तळहातावर आडवा झाला. पण टाकीबाहेरचं निरीक्षण ग्राह्य नसतं.

"माझा भाऊ त्याच नदीत जाळं टाकतो हो," बाई म्हणाल्या.

"मग त्याला अभिनंदन कळवा. त्याचे मासे फार काटक आहेत."

मर्यादा शून्य ठरली. अहवालावर शिक्का मीच मारला. महिन्याभरात नदीतले सगळे मासे आडवे झाले (त्यांना टेकायला नळी नव्हती, ही त्यांची चूक). बाईंच्या भावाचं जाळं एक दिवस तुडुंब भरलं, आणि त्यानंतर कधीच नाही. बाई माझ्याशी बोलत नाहीत. मला वाईट वाटतं, पण त्याला रकाना नाही.

आता हीच पद्धत माणसांसाठी मंजूर झाली आहे. महाशय, हे वाचताना आपण खुर्चीला टेकून बसला आहात ना? छान. तसेच बसा, आपली नोंद झाली: तक्रार नाही.