मथुरामावशीची हत्यारं

मथुरामावशीकडे कुणी गळ्यातली पुतळ्यांची माळ मागितली, तर ती काढून द्यायची. अगदी खरं सांगतेय. खालच्या आळीतल्या एका सुनेला माहेरच्या लग्नात मिरवायला दिली होती, आणि परत मागायलाही विसरली होती. पण कातर मागून बघा! मावशी पदर कमरेला खोचायची, दारात आडवी उभी राहायची आणि म्हणायची, "खेलनं न्हाय. हत्यार हाय ते."

साठीचं दशक संपत आलं होतं. मी रत्नागिरीहून लग्न होऊन आले ती थेट भाईंदरजवळच्या राई गावात, मावशीच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. आम्ही भाडेकरू, ती घरमालकीण. आमचे हे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होते. मावशीचे यजमान कधीच गेलेले. घरची भातशेती आणि खाडीकाठचं मिठागर पुतणे बघायचे. मग मावशी काय करायची? मावशी गोधड्या शिवायची. विकायला नव्हे हो! विकत मागणाऱ्याकडे ती असं काही बघायची की तो पुढ्यातला चहा न पिता उठायचा.

आता गोधडीला लागतं काय? जुनी लुगडी, सुई आणि दोरा. निदान मला तरी तसं वाटायचं. एकदा तोंडातून निघूनही गेलं. मावशी म्हणाली, "आनि लग्नाला काय लागतं गो? नवरा नि नवरी. बाकीचे सगले उगाच नाचतात!" त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. मी नाव घातलं नव्हतं, फी भरली नव्हती, पण सुटका मात्र नव्हती.

लुगडं जुनं हवं, पण विरलेलं नको. उजेडाकडे धरून बघायचं. पलीकडचं माणूस ओळखू आलं तर ते लुगडं मसोत्याला. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे गाठी पडत नाहीत. मधल्या बोटात पितळी अंगुस्तान घालायचं. मी ते घालायला टाळाटाळ केली, तेव्हा तिने नुसती माझ्या बोटाकडे बघून मान हलवली. संध्याकाळपर्यंत बोटाची चाळण झाली आणि मी आपण होऊन अंगुस्तान मागितलं.

सगळ्यात कठीण म्हणजे गोधडी अंथरणं. ओटीवर लुगड्याचे थर एकावर एक घालायचे, सुरकुती काढायची आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. मिठाच्या काट्याची दोन जुनी वजनं होती. तिसऱ्या कोपऱ्यावर यायचा तिचा वरवंटा आणि चौथ्यावर, मला न विचारता, माझा. मावशीने गोधडी अंथरली की दोन्ही घरांत वाटण बंद. आमचे हे जेवायला बसले की ताटाकडे बघून विचारायचे, "आज पण गोधडी?"

पण या सगळ्यांपेक्षा मावशीचा जीव होता तो सुयांवर. राईचा वारा खारा. खिळा म्हणू नका, कडी म्हणू नका, सगळं गंजून जायचं. मावशीच्या सुया मात्र लखलखीत. त्या ती एका उशीत टोचून ठेवायची. उशी कसली, मूठभर मऊ गोळा. वरून लाल खणाचा कपडा, आत ठासून भरलेले केस. केसांतलं खोबरेल सुईला लागतं आणि गंज चढत नाही. त्या उशीला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. तशी सुया मोजायचीही गरज नव्हती, कारण मावशीने सुयांना नावं ठेवली होती. जाड ती थोरली. जरा वाकलेली ती लंगडी. आणि सोनेरी नेढ्याची, केसासारखी बारीक, ती सोनी. सोनी फक्त तान्ह्या बाळाच्या गोधडीला बाहेर निघायची. काम झालं की मावशी सुईला उशीत खोचताना पुटपुटायची, "चल, नीज आता." मला हसू यायचं. मी तोंडाला पदर लावायचे.

एकदा आमच्या ह्यांनी पराक्रम केला. मावशी विहिरीवर गेली होती, कातर ओटीवर होती, आणि ह्यांना आरशात आपल्या मिशा वाकड्या दिसल्या. बास! दोन टोकं कापली आणि कातर जागच्या जागी ठेवली. मावशी आली. कातर उचलली, कानाशी नेली, एकदा उघडमीट केली आणि म्हणाली, "केस कापले हिनं." आता बोला! धारवाला येईपर्यंत तिने कातर फडक्यात गुंडाळून ठेवली, आजाऱ्याला ठेवावं तशी. ह्यांच्याशी बोलणं बंद. पुढे कधी बोलावं लागलंच तर मला सांगायची, "तुज्या मिशीवाल्याला सांग, नलाला पानी आलंय." ह्यांनी शेवटी मिशीच उतरवली, तरी ते नाव काही उतरलं नाही.

मग मला दिवस गेले. मुलगी झाली. बाळंतपणाला सासूबाई रत्नागिरीहून आल्या होत्या. सासूबाई म्हणजे सगळ्याच बाबतीत सावध. पहिल्याच दिवशी त्यांनी मावशीची उशी बघितली आणि आत येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "अगो, केस भरलेत त्यात! कुणाचे, विचारलंस का कधी? बाळाला तिकडे नेऊ नकोस बाई." त्यांच्या मते केस दुसऱ्याच्या हाती लागले की संपलं, करणीला तेवढं पुरतं. स्वतःचे केस विंचरले की त्या निघालेला गुंता बोटाला गुंडाळायच्या, त्यावर थुंकायच्या आणि कुणी बघत नाही असं बघून लांब टाकून यायच्या. माझ्याही गुंत्यावर त्यांचा पहारा होता.

इकडे मावशीने सोनीला बाहेर काढलं. बारशाच्या सकाळी तिने गोधडी आणून दिली. एवढीशी, लिंबाच्या रंगाची, धावदोऱ्याचे टाके मुंगीच्या पावलांएवढे. मी हात फिरवला आणि मला रडूच आलं. मावशी म्हणाली, "रडाला काय झालं? मुतेल नि वास मारेल दोन दिसांत." आणि निघून गेली.

दुपारी बायका जमल्या. पाळणा सजला, गोधडी आत अंथरली, बाळ निजलं. कुणीतरी "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू करणार तोच मावशी धावत आली. अनवाणी, पदर सुटलेला. कुणाला काही कळायच्या आत तिने बाळाला पाळण्यातून उचलून माझ्या हातात कोंबलं आणि गोधडी ओढून काढली.

"सोनी न्हाय," ती म्हणाली. "उशीत न्हाय, डब्यात न्हाय, ओटी झारून काढली. सोनी न्हाय गो!"

बायकांना काही उमगेना. मला मात्र उमगलं. सुई गोधडीत राहिली होती! थरांच्या मधे आडवी पडली असेल तर वरून दिसणारही नाही, आणि बाळ त्याच गोधडीवर निजलं होतं. मी बाळाचं झबलं काढलं, पाठ बघितली, पाय बघितले. कुठे काही नव्हतं. माझा जीव मात्र थाऱ्यावर येईना.

मावशी जमिनीवर बसली. तळव्यांनी गोधडी इंच इंच दाबली. मग गाल लावला. हाताला लागत नाही ते गालाला लागतं, म्हणायची. सासूबाईही खाली बसल्या आणि दुसऱ्या टोकाकडून चाचपू लागल्या. एकाएकी ओरडल्या, "सापडली! इथे काहीतरी टोचतंय!"

"तांदूल हायत ते," मावशी मान वर न करता म्हणाली. "शेवटचा कोपरा शिवाच्या आदी आत दाने टाकतात. गोधडी उपाशी ठेवाची नसते."

एवढ्या घोरात मला हसू फुटलं, आणि लगेच रडू. काय चाललंय माझं मलाच कळेना.

दोनदा चाचपून झालं. सुई लागली नाही. पण नाही लागली म्हणजे नाही, असं कोण म्हणणार? मावशीने कातर काढली. "उसवते," म्हणाली.

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "बारशाच्या दिवशी पोरीच्या अंगाखालचं फाडायचं? अशुभ करायला आलात का?"

मावशीची कातर हवेतच थांबली. मला वाटलं, आता या दोघींची जुंपणार. पण मावशी हळूच म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. आज न्हाय फाडाचं."

मग मीच म्हटलं, "मावशी, उशीच्या आत तर शिरली नसेल? बारीक आहे ती. नेढ्यासकट आत गेली तर?"

 मावशी उठली, ओटीवर गेली आणि उशी घेऊन आली. बोटांनी दाबून बघितली. इतके ठासून भरलेले केस, काही कळेना. ती उशी हातात धरून नुसती बसून राहिली. दुसऱ्याच्या मिशीला लागली तर बोलणंच टाकायला लावणारी ती कातर तिच्या मांडीवर पडली होती. बाळ कुरकुरलं. मावशीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि कातर उचलून उशी मधोमध कापली.

आतून केस निघाले. लांब, काळेभोर, मऊ. मावशीचे नव्हतेच ते. तिचे राठ, कुरळे. ती एकेक पदर हलक्या हाताने सोडवत गेली. मध्यावर एक लाल रिबीन निघाली. आणि रिबिनीपाशी, सोनेरी नेढं चमकवत, सोनी निजली होती.

सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. मी बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. त्या रडण्यासारखं गोड मी दुसरं काही ऐकलं नाही.

मावशी मात्र रिबिनीकडे बघत होती. "माज्या कुसुमची," ती म्हणाली. "रोज सांजचे इंचराची मी तिला. गुंता निघंल तो ठेवाची उशीला. मग ताप आला नि पोर गेली." तिने केस ओंजळीत गोळा केले. काही खाली सांडले होते, वाऱ्याने इकडे तिकडे चालले होते. ते ती वेचत राहिली. मग सोनी पदराला पुसत म्हणाली, "चला, निजवा पोरीला. गोधडीत काय न्हाय आता. तांदूल हायत."

बारसं झालं. मुलीचं नाव आम्ही आधीच ठरवलं होतं, तेच ठेवलं. मावशी मागे उभी राहून सगळ्यांपेक्षा मोठ्याने "गोपाळ घ्या" म्हणत होती.

नंतर काही दिवस तिच्या सुया एका फडक्यात होत्या. वारा लागून थोरलीवर तांबूस डाग पडला. उरलेल्या केसांत उशी काही भरेना. एके सकाळी मी केस विंचरले आणि सासूबाई परसात आहेत असं बघून आपला गुंता गुपचूप मावशीला नेऊन दिला. वळते तो दारात सासूबाई! आता माझी धडगत नाही, असं मी समजले.

 पण त्या आत गेल्या, फणी घेऊन बसल्या. विंचरून झाल्यावर गुंता बोटाला गुंडाळला. मी वाट बघत होते, आता थुंकतील, मग टाकायला जातील. त्या उठल्या आणि सरळ मावशीच्या ओटीवर गेल्या.

"घ्या," म्हणाल्या. "पांढरे आहेत. पण तेल रोजचं असतं."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने कुसुमचे केस रिबिनीभोवती गुंडाळले, त्याभोवती माझे, सगळ्यात वरून सासूबाईंचे. नव्या खणात ते ठासून भरले. तोंड शिवायचं तर कुणीतरी उशी धरायला हवी होती. जिला कुणी बोट लावायचं नव्हतं ती उशी मावशीने सासूबाईंच्या दोन्ही हातांत दिली.

"घट्ट धरा हां," ती म्हणाली. "खेलनं न्हाय, हत्यार..." 

"धरलंय हो," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही शिवा सावकाश."