सात दहाची नोंद

सकाळी साडेदहाला मैदानावरचा थर्मामीटर एकेचाळीस अंश दाखवत होता आणि आजोबांनी वहीत सदतीस लिहिले. एकतीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये दर अर्ध्या तासाला तापमान टिपून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातून झालेली ही पहिलीच खोटी नोंद. त्यातला सातचा आकडा ओशाळल्यासारखा वाकडा आला.

गेल्या उन्हाळ्यात फुटबॉल खेळता खेळता एक मुलगी चक्कर येऊन पडली, तेव्हापासून मैदानावर नियम होता : पारा अडतीसच्या वर गेला की सामना पुढे ढकलायचा. नियम करून घेतला तो आजोबांच्या सुनेनं. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि उन्हानं काय होतं ते तिनं जवळून पाहिलं होतं. मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. तिच्या दारालगत बाहेर, सावलीत, खिळ्यावर थर्मामीटर लटकायचा. तो सांभाळायचं काम आजोबांनी आपणहून घेतलं होतं. दुसऱ्या कुणी मागितलंही नव्हतं.

पण आज सामना होणं अत्यंत गरजेचं होतं. त्याचं कारण खोलीबाहेर सातपासून हातमोजे घालून उभं होतं. आजोबांची अकरा वर्षांची नात संघातली राखीव गोलकीपर होती. इतकी राखीव, की मैत्रिणी तिला नावानं हाक मारायच्याच नाहीत, 'राखीव' म्हणायच्या. खरी गोलकीपर होती 'भिंत'. तिच्या अंगावरून बॉल जात नसे आणि तिला कधी सर्दीसुद्धा होत नसे. अकरा सामने झाले. अकराही सामन्यांत मैदानाच्या एका टोकाला आजोबा वही घेऊन बसले, दुसऱ्या टोकाला नात बाकावर बसली, आणि मधूनमधून दोघांनी एकमेकांना हात केला. नातीला एकदा खेळताना बघावं, एवढीच आजोबांची इच्छा होती, पण ती त्यांना जेवताखाता छळायची. आज शेवटचा सामना होता आणि भिंत मामाकडे गेली होती. ती रात्री परत येणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

पंच पावणेअकराला आकडा बघायला येणार होते. वहीत सदतीस आणि काचेत एकेचाळीस, हे काही जमणारं नव्हतं. आजोबांनी थर्मामीटर खिळ्यावरून काढला, खोलीत नेला आणि मुलींच्या पाण्याच्या बाटल्या होत्या त्या बर्फाच्या पेटीत टाकला. अर्धं मिनिट, चार अंश, संपला विषय. झाकण लावलं आणि तेवढ्यात पोस्टमास्तर आत आले. हे आजोबांचे रोज सकाळी फिरायला येणारे मित्र. ते थेट पेटीवर बसले.

"वा! काय गार आहे हो. गुडघ्याला बरं वाटतंय."

"उठा जरा. पाणी घ्यायचंय."

"माझ्याकडे आहे ना. हे घ्या."

"मुलींना द्यायचंय हो!"

"मुली नळावर आहेत. आता बघून आलो. तर काय सांगत होतो, हा डावा गुडघा..."

डावा गुडघा संपून उजवा सुरू झाला. आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी ते म्हणाले, "तुमची पँट मागून ओली झालीय."

पोस्टमास्तर ताडकन उठले. आजोबांनी थर्मामीटर बाहेर काढला. सहा अंश.

कोल्ड स्टोरेजमध्ये हा आकडा बघून त्यांना बढती मिळाली असती. इथे बाहेर पंचांच्या बुटांचा आवाज येत होता. आजोबांनी थर्मामीटर तळव्यात चोळला, त्यावर हा हा करून वाफ सोडली, आणि मग जे सुचलं ते केलं. वीतभर लाकडी पट्टीसकट तो सदऱ्यातून काखेत घातला आणि हात गच्च दाबून धरला.

"आजोबा, थर्मामीटर कुठाय? खिळा मोकळाच दिसतोय," पंच म्हणाले.

"पुसतोय जरा."

"कशानं?"

आजोबांनी हात आणखी दाबला. पंचांना गळ्याशी डोकावणारं पट्टीचं टोक दिसलं. माणूस सरळ मनाचा होता.

"अहो, ताप आलाय का तुम्हाला?"

"कणकण आहे थोडी."

"नर्सबाई!" पंचांनी दारातून शिट्टीसारखा आवाज काढला. "लवकर या! तुमच्या सासऱ्यांना बरं नाहीये!"

सून औषधांची पिशवी घेऊन धावत आली. तिच्यामागे हातमोजे आले.

"बाबा, हात वर करा." तिनं पट्टी ओढून काढली आणि उलटसुलट केली. "हा भिंतीवरचा आहे."

"हो."

"माणसाच्या तापाचा नाही."

"नाही."

"आणि ओला कशानं झालाय?"

"घाम."

"अहो, मघाशी पेटीतून काढलात तोच ना हा?" पोस्टमास्तर मदत करायच्या हेतूनं म्हणाले.

पंचांनी मात्र फक्त आकडा पाहिला. "तेहतीस! उत्तम! चला मुलींनो, खेळायचं!" हे म्हणताना त्यांच्या नाकावरून घाम ठिबकत होता आणि बाहेर मुली एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होत्या, कारण जमिनीची धग बुटांतून आत येत होती.

सुनेनं थर्मामीटर पुसून खिळ्यावर लावला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. कुणाची हलायची हिंमत झाली नाही. पारा चढत चढत बेचाळीसवर थांबला. मग तिनं वही उघडली.

"सदतीस?"

आजोबांनी वाकड्या सातावर अंगठा ठेवला.

"बाबा, गेल्या वर्षी पडलेल्या त्या मुलीला मी उचललं होतं. तव्यासारखी तापली होती. आज आपली असती तर?"

"मला फक्त तिला एकदा खेळताना बघायचं होतं गं," आजोबा म्हणाले.

दारात नातीनं एक हातमोजा काढला, मग दुसरा. ते तिला दोन मापांनी मोठे होते, त्यामुळे चटकन निघाले. "राहू दे आजोबा," ती म्हणाली.

"पण मग खेळायचं तरी कधी?" पंच वैतागले. "उन्हाळा काय उद्या संपतोय?"

"सकाळी. सव्वासहाला," सून म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा आजोबांकडे वळल्या. सहा ते आठ मैदान फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचं होतं. तसं लेखी होतं. दोन वर्षांत मुलींच्या संघानं वेळ बदलून मागणारे चार अर्ज केले होते, आणि चारही अर्ज ज्येष्ठ मंडळाच्या अध्यक्षांनी 'शिस्त म्हणजे शिस्त' असा शेरा मारून परत पाठवले होते. अध्यक्षांच्या काखेत आत्ता लाकडी पट्टीचा वळ उठला होता.

सुनेनं वही आणि पेन पुढे केलं. सही केली तर सामना उद्यावर जाणार, आणि उद्या भिंत येणार. आजोबांनी नातीकडे पाहिलं. तीही तोच हिशेब करत होती, हे त्यांना दिसलं. त्यांनी सही केली. ही नोंद खरी होती.

"एक अट," सून म्हणाली. "उद्या दर दहा मिनिटांनी नोंद. खुर्ची थर्मामीटरकडे तोंड करून. मान वळवायची नाही."

संध्याकाळी नात म्हणाली, "उद्या मी बाटल्या भरीन." तक्रार नव्हती त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हवा इतकी छान होती, की दोन वर्षं ती एकट्यानं खाल्ल्याची आजोबांना लाज वाटली. थर्मामीटरमध्ये सव्वीस अंश होते. ज्येष्ठ मंडळी फिरायचं सोडून दोरीच्या कडेला उभी होती. पोस्टमास्तरांनी बसायला बर्फाची पेटी आणवली होती. सगळे आले, भिंत आली नाही. पंचांनी तिच्या घरी फोन लावला.

"तीनदा हलवलं हो," पलीकडून तिची आई म्हणाली. "आठच्या आत ती कधी उठलीच नाही. उभी केली तर उभ्यानं झोपली."

पंच बाकाकडे वळले. "राखीव!"

खुर्चीत पाठमोरे बसलेल्या आजोबांना कुणी सांगायची गरज पडली नाही. मागून हातमोज्यावर हातमोजा आपटल्याचा आवाज आला. तो त्यांनी घरी हजार वेळा ऐकला होता.

सहा वीस, सव्वीस. सहा तीस, सव्वीस. 'अरेरे' ऐकू आलं, म्हणजे एक गोल झाला. सहा चाळीस, सत्तावीस. पुन्हा 'अरेरे'. सहा पन्नास, मध्यंतर, सत्तावीस. सात वाजता आपल्या बाजूनं आरडाओरडा झाला, म्हणजे एक फिटला. आजोबांची मान आखडली, पण वळली नाही. कसलाही गोंगाट सहन करायची त्यांची तयारी होती.

मग शिट्टी वाजली आणि सगळं मैदान गप्प झालं. पोस्टमास्तरसुद्धा. शांततेची मात्र त्यांनी तयारी केली नव्हती.

संघ सामना दोन-एकनं हरला. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. ज्येष्ठ मंडळी राखीवभोवती गर्दी करून उभी होती आणि ती दोन मापांनी मोठे हातमोजे सगळ्यांना दाखवत होती. सून खोलीकडे आली आणि तिनं वही उचलली.

"बाबा, सात दहाची नोंद कुठाय?"

रकाना कोरा होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"त्या वेळी मी इकडे बघत नव्हतो," आजोबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले.

सुनेनं पेन घेतलं. खोटी नोंद तिनं आयुष्यात कधी केली नव्हती. सात दहाच्या पुढे, तापमानाच्या रकान्यात, तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'पेनल्टी. अडवली.'