त्सेंग मास्तरांच्या कंप्युटरातले हेर

गुपित ठेवावं तर त्सेंग मास्तरांनी, असं खुद्द त्सेंग मास्तरांचंच मत होतं! ताइनानमधल्या देवळामागच्या गल्लीत ते सहीऐवजी मारायचे नावाचे शिक्के कोरत बसायचे. कोणी लग्न ठरलं म्हणून शिक्का करून घेई, कोणी भावाशी भांडून जमीन वाटून घ्यायची म्हणून; पण मास्तरांच्या तोंडून कधी चकार शब्द बाहेर पडला नाही. "माझ्या पोटात गेलेली गोष्ट समुद्रात बुडाली समजा," असं ते छाती पुढे काढून सांगत.

आता मात्र त्यांच्या पोटात स्वतःचंच गुपित होतं. पन्नाशी उलटलेला हा ब्रह्मचारी चक्क प्रेमात पडला होता! पूर्वेकडच्या डोंगरात श्यु-ल्यान नावाच्या एका विधवा बाईंचं, वाळवून खायच्या केशरी लिलीच्या फुलांचं शेत होतं. त्या एकदा शिक्का करून घ्यायला आल्या, दोन कप चहा प्यायल्या आणि गेल्या. तेव्हापासून दोघांचा ई-मेल सुरू झाला. त्यापायी मास्तरांनी कंप्युटरही घेतला.

दुपारच्या उन्हात गल्ली पेंगायला लागली, की मास्तर उघड्या दारापाशी बसून दोन बोटांनी पत्र लिहायचे. एक ओळ झाली की समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. भिंतीला पोपडे आलेले. पण मास्तरांना तिथे केशरी फुलांनी भरलेला डोंगर दिसायचा, वरून धुकं उतरायचं आणि धुक्यातून टोपी घातलेल्या श्यु-ल्यानबाई टोपली घेऊन यायच्या. या तंद्रीत एकदा त्यांनी खाटकाच्या शिक्क्यावर नावाऐवजी 'धुकं' असं कोरलं. खाटकाने तो महिनाभर वापरलासुद्धा!

मंगळवारी श्यु-ल्यानबाईंचं पत्र आलं. भाऊ म्हणतोय, शेत विक आणि ताइपेला माझ्याकडे राहायला ये. रविवारी तो उत्तर घ्यायला येणार आहे. 'तुम्हाला काय वाटतं?'

मास्तरांना काय वाटतं ते ठरलेलंच होतं. जाऊ नका, माझ्याशी लग्न करा! पण ते लिहायला बसणार, एवढ्यात समोरून आ-चाव मावशींनी हाक मारली. या मावशी सोयाच्या दुधाचं गोड, थुलथुलीत दही विकायच्या आणि गल्लीच्या बातम्या फुकट वाटायच्या.

"काय मास्तर, लिली फुलल्या का यंदा? धुकं बरं आहे ना?"

मास्तरांच्या हातातून छिन्नी पडली. "कुठलं धुकं?"

"तेच हो! 'तुमच्याविना माझा चहासुद्धा एकटाच निवतो.' अगं बाई, काय लिहिता तुम्ही! आमचा म्हातारा मरेपर्यंत मला एवढंच म्हणाला, की मीठ जास्त झालंय."

मास्तर थेट कोपऱ्यावरच्या फू-चेंगच्या कंप्युटरच्या दुकानात शिरले. दोघे लष्करात एका तंबूत राहिलेले.

"अरे, कोणीतरी माझी पत्रं वाचतंय!"

"हेरगिरीचा प्रोग्रॅम शिरला असणार," फू-चेंग खुशीत म्हणाला. "हल्ली सगळ्यांकडे शिरतात. चल, हेर पकडणारा प्रोग्रॅम टाकू."

पहिल्या प्रोग्रॅमने तीन हेर पकडले. मास्तरांना घाम फुटला. खात्री करावी म्हणून दुसरा टाकला. त्याने सांगितलं, एकशे अठरा! मास्तर खुर्चीत बसले. तिसऱ्याने मात्र फुगे उडवले आणि अभिनंदन केलं: कंप्युटर स्वच्छ, एकही हेर नाही!

"यातला खरं कोण बोलतोय?" मास्तरांनी विचारलं.

"तिघंही."

"असं कसं?"

"हे बघ, तीन सासवा एकच स्वयंपाकघर तपासायला आल्या समज. एकीला ओट्यावर कण दिसला तरी ती मोजते. दुसरी म्हणते, पातेलं करपलंय का तेवढंच सांगा. तिसरीला मोतीबिंदू! प्रत्येकाची हेरांची यादी वेगळी, रे. कोणी नुसतं दारातून डोकावणाऱ्यालाही चोर म्हणतो, कोणी चोरी झाल्याशिवाय बोलत नाही, आणि कोणाची यादी गेल्या वर्षीची."

हे शहाण्या माणसाला पुरलं असतं. पण मास्तर देवळामागे वाढलेले. देवापुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकायच्या. एक पालथी, एक उताणी पडली की देवाचा होकार. आणि मोठ्या प्रश्नाला होकार लागोपाठ तीनदा लागतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मास्तरांनी ठरवलं: तीन प्रोग्रॅम एकच आकडा सांगतील, तेव्हाच ते खरं. तोवर पत्र लिहायचं नाही!

त्यांनी चौथा टाकला, पाचवा टाकला. पहिल्याने कोंडून ठेवलेले तिन्ही हेर चौथ्याने पुन्हा नव्याने पकडले. पाचव्याने चौथ्यालाच हेर ठरवलं. चौथ्याने उलट पाचव्याचं नाव घेतलं. कंप्युटर जत्रेतून परतलेल्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकायला लागला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकता सरकेना. तिच्याकडे बघता बघता मास्तरांचा डोळा लागला आणि लिलीच्या शेतात हेर उतरले. सगळे गवती टोप्या घालून, वाकून, एकेक फूल नीट मोजत होते. श्यु-ल्यानबाई बांधावर उभ्या राहून विचारत होत्या, "तुम्हाला काय वाटतं?" मास्तरांनी तोंड उघडलं, तर आतून नुसतं धुकं आलं.

शनिवारी सकाळी ते घाबरून देवळात गेले. "देवा, कुठला प्रोग्रॅम खरा?" चंद्रकोरी टाकल्या. दोन्हींच्या सपाट बाजू वर! म्हणजे देव हसतोय. पुन्हा टाकल्या. देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच. गुरव झाडू थांबवून म्हणाला, "मास्तर, देवाला एवढं काय सांगितलंत हो?"

आणि दुपारी प्रोग्रॅम पुन्हा चालवले, तर चमत्कार झाला! तीन प्रोग्रॅम, लागोपाठ, एकच आकडा: एक. शिवाय तिघांनीही बोट एकाकडेच दाखवलं. 'हा प्रत्येक कळ दाबताना पाहतो,' असं लिहून आलं. मास्तरांनी हात जोडले, "सापडलास, लेका!" म्हणाले आणि त्याला पुसून टाकलं.

मग बाह्या सरसावून पत्र लिहायला बसले. कळ दाबली. पडद्यावर इंग्रजी अक्षर उमटलं. दुसरी दाबली. तेही इंग्रजी. मास्तरांनी घाईघाईने फू-चेंगला फोन लावला. तो भाचीच्या लग्नाला काओश्युंगला गेला होता आणि मागे बँड वाजत होता.

"काय पुसलंस? जोरात बोल! ... अरे गाढवा, तो चिनी अक्षरं लिहायचा प्रोग्रॅम होता! तो कळा बघणार नाही तर लिहिणार कसा? सोमवारी येतो!"

सोमवारी! भाऊ तर उद्याच येणार. पोस्टाने पत्र डोंगरात पोचेपर्यंत शेत विकलंसुद्धा जाईल. मास्तर डोकं धरून बसले. त्यांना खरंच रडू आलं.

"मास्तर," समोरून आ-चाव मावशी आल्या, हातात दह्याचा वाडगा. "आज आवाज का नाही? आम्ही सगळे वाट बघतोय."

"कसली वाट?"

"पत्राची! तुम्ही लिहिता तेव्हा अक्षर फोडून एकेक आवाज मोठ्याने म्हणता ना? आवाज म्हणायचा, कळ दाबायची. मग त्याचा चढा-उतरता सूर म्हणायचा, कळ दाबायची. तेही दार उघडं टाकून. गल्लीतल्या पोरांचा अभ्याससुद्धा सुधारला हो त्याने!"

मास्तर आधी लाल झाले, मग पांढरे. पाच प्रोग्रॅम, तीन याद्या, एक देव! आणि हेर आरशात बघून रोज दाढी करत होता.

"आता लिहिताही येत नाही," ते पुटपुटले.

"मग बोला की! फोन कशाला असतो?"

बाईंचा नंबर प्रत्येक पत्राखाली असायचा, पण मास्तरांचा धीर कधी झाला नव्हता. मावशींनीच नंबर दाबला. पलीकडून "हॅलो?" आलं. पत्रात सुचणारं धुकं, फुलं, चहा, सगळं कुठल्या कुठे गेलं. शेवटी डोळे मिटून, दोन बोटं मांडीवर आपटत, ते एकेक आवाज फोडून म्हणाले:

"ज... आ... ऊ... न... का. म... आ... झ्या..."

गल्ली श्वास रोखून उभी होती. खाटकाने सुरा खाली ठेवला. सगळं वाक्य पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. 

"श्यु-ल्यानबाई?" मास्तरांनी भीत भीत विचारलं. "ऐकू आलं ना?"

"मला आलं हो. माझं हो आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण जरा पुन्हा म्हणा ना, मोठ्याने. तुमची पत्रं मी इथे फुलं वाळवताना सगळ्या बायकांना वाचून दाखवते, आणि मागच्या रांगेला आज काही ऐकू आलं नाही."