फणसे सरांचं तिसरं खोकं

आमच्या हडपसरच्या शाळेत फणसे सरांसमोर 'समजलं का?' म्हणायची चोरी होती. एकदा मी वर्गाला तसं विचारलं आणि दारावरून जाणारे सर थबकले. "बाई, हा प्रश्न होता की दम? चाळीस पोरं एका सुरात 'हो' म्हणाली, म्हणून विचारलं."

सर गणिताचे. तास संपताना मुलांनी जुन्या कॅलेंडरच्या तुकड्यावर एकच गणित सोडवायचं आणि चिठ्ठी दाराजवळच्या तीनपैकी एका खोक्यात टाकायची. खोकी बुटांची. वर लिहिलेलं : 'कळलं', 'कळल्यासारखं वाटतंय', 'नाही कळलं'. सर त्या चिठ्ठ्या कर्वेनगरच्या बसमध्ये वाचायचे आणि दुसऱ्या दिवशीचा तास तिसऱ्या खोक्यापासून सुरू करायचे. मुख्याध्यापकांनी विचारलं, "अहो, मार्कांची नोंद कुठाय?" सर म्हणाले, "डॉक्टर ताप बघतात, तेव्हा पेशंटला मार्क देतात का?"

एकदा निम्म्याहून जास्त मुलांनी एक चतुर्थांशापेक्षा एक अष्टमांश मोठा ठरवला. आठ मोठे ना चारापेक्षा! मी असते तर शाळा डोक्यावर घेतली असती. सर दुसऱ्या दिवशी स्वतःचे कान धरून फळ्यासमोर उभे. "एखादा चुकला तर चूक त्याची. तुम्ही एवढे चुकलात, म्हणजे मी शिकवलंच नाही. माफ करा." मग डब्यातली एक भाकरी चौघांत वाटली, दुसरी आठ जणांत. मांजरी गावाहून येणारी सुरेखा ओरडली, "सर, ह्यो तुकडा लय बारका हाय की!" मी दाराबाहेर उभी होते. वीस वर्षं शिकवतेय, पण वर्गाची माफी मागता येते हे मला तेव्हा कळलं. मी थक्क झाले.

शनिवारी सर निवृत्त झाले. सत्काराची शाल त्यांनी मुकाट्याने पिशवीत कोंबली. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या, घरी दुसरं कोणी नाही. समारंभानंतर त्यांच्या वर्गात मी गमतीने एक कोरी चिठ्ठी पुढे केली. "सर, आज तुमची परीक्षा. काय नाही कळलं?"

"परीक्षा नाही म्हणायचं, बाई," ते सवयीने म्हणाले. पेन उघडलं. एक ओळ लिहिली, चिठ्ठी तिसऱ्या खोक्यात टाकली आणि बस गाठायला निघून गेले.

मी ती उघडली. 'सोमवारी सकाळी कुठे जायचं?'

तिसऱ्या खोक्याला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं, हा त्यांचाच नियम. रविवारी मी फोन केला. "सर, उद्या पहिला तास माझा आहे. चिठ्ठ्या घ्यायच्या म्हणतेय, पण त्या वाचायच्या कशा, ते मला नाही कळलं."

पलीकडे सरांनी घसा खाकरला.

"पहिली बस सव्वासहाला आहे," ते म्हणाले.